चार हजारच्या पुढचं

दोनशे एकोणतीस सीडी.
अकरांना बुरशी, एकीत भलत्याच कुणाचं लग्न.
टिळकवाडीतल्या घरात, दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं,
सगळ्या डायनिंग टेबलावर मांडल्यात
आणि वत्सला तीन आठवडे
ताट मांडीवर घेऊन जेवते.

भाचा म्हणतो, एमपीथ्री कर की मामा,
एकशे अठ्ठावीस म्हणजे बास.
कानाला ऐकू येत नाही तेवढंच काढून टाकतंय ते.
कुणाच्या कानाला गा? मी विचारलं.
तो मोबाईलकडं बघून हसला.

उद्यमबागेत चौतीस वर्षं मी क्रँकशाफ्ट मोजले.
जास्त राहिलं तर घासता येतं,
कमी झालेलं परत चिकटत नाही,
एवढं एकच शहाणपण घेऊन रिटायर झालो.
पोरं म्हणायची, साहेब, दोन मायक्रॉननं काय होतंय?
मी लाल खडूनं फुली मारायचो.
त्यांच्या शिव्या ग्राइंडिंगच्या आवाजात
मला ऐकू यायच्या नाहीत, तेही बरंच.

आधी वेव्ह करून बघितलं.
आलं सगळं, जसंच्या तसं,
पण नावं काही धड टिकेनात.
दुसऱ्या मशीनवर नेलं की फायली बेवारशी:
ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन.
गाणारी कोण, राग कुठला, कुणाच्या घरी,
विचारायची सोय नाही.

वडगावात मागावरनं साडी उतरली
की इंदू आत्या तिची घडी घालायची.
नऊ वार, आणि हातात धरायला वहीएवढी.
मोडली की पुन्हा नऊ वार,
काठासकट, विणताना सुटलेल्या धाग्यासकट.
फ्लॅक तसं आहे, भाच्याला सांगितलं.
मामा, जागा किती खातंय बघा.
खाऊ दे.

नावाचा घोळ मात्र राहिलाच.
ईरण्णा मूडलगीनं दिलेली सीडी,
त्याच्या शहापूरच्या गच्चीवरची बैठक.
वर मार्करनं कन्नडमध्ये,
खाली खास माझ्यासाठी मराठीत: मूलतानी.
दीर्घ काढलेला मू मी तेव्हा दाखवला,
तो म्हणाला, आयतु, आयतु,
आणि तसाच ठेवला.
रकाना एकच, लिप्या दोन.
कुठली ओळ वर, यावरनं ह्या गावात
पाट्या फुटलेल्या मी बघितल्यात.
मी दोन्ही टाकल्या, मध्ये आडवी रेघ.
आधी कुठली, ते सांगणार नाही.
मूला हात लावला नाही.

परवा कानाच्या डॉक्टरनं कागदावर रेघ दाखवली.
चार हजारपर्यंत बरी चाललेली,
पुढं चोर्ल्याच्या घाटात एसटी उतरावी
तशी वळत वळत खाली.
म्हणजे मला कारखान्यानं कधीचंच
एमपीथ्री करून ठेवलंय.
बिटरेट किती, कुणी विचारलं नाही.

वत्सला म्हणाली, मग झालं की!
तुम्हाला ऐकूच येत नाही तर कशाला एवढं?
मला टेबल पाहिजे.

मी हेडफोन तिच्या कानाला लावला.
सहावा ट्रॅक. तानपुरे जुळताहेत,
कुणीतरी कन्नडमध्ये पाणी मागतंय,
एवढं मलाही येतं.
ती ऐकत राहिली. मग म्हणाली, बांगड्या.
कुठं?
आत्ताच की. दोनदा.
कॉफीचा ट्रे घेऊन मीच वर आले होते,
ते हिरवे, काचेचे, खडेबाजारातले...
परत लाव.

परत लावलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो,
कुठं वाजतात ते तिथनंच कळत होतं.

भाचा म्हणतो, बांगड्या एमपीथ्रीतही राहतील, मामा.
राहतीलही.
मी त्याच्याशी भांडत नाही.

ड्राइव्ह आता सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकलाय,
एका ओरखड्यावर परत परत जाऊन वाचतोय.
अजून दोनशे चार राहिल्या, मी म्हणालो.
आयतु, वत्सला म्हणाली
आणि ताट मांडीवर घेतलं.